अप्पांच्या पानाला कावळा

चामराजपेटातल्या आमच्या गल्लीत सध्या कावळा उतरत नाही, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

हे मी आजवर कुठे कबूल केलेलं नाही. पक्ष्यांवर प्रेम करणारा माणूस म्हणून मला थोडंफार ओळखतात. एखाद्या डॉक्टरने 'माझ्यामुळे गल्लीतले पेशंट संपले' असं सांगण्यासारखंच हे आहे. पण मनावरचं ओझं आता सोसवत नाही, म्हणून लिहितो.

मी एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्याकाठी मी तेच काम फुकट करतो. कुणी 'ती बघा चिमणी' म्हणालं की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. 'चिमणी नव्हे, मुनिया' हे शब्द तोंडातून निघून गेलेले असतात. मेहुण्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत मी 'तांबट, तांबट' म्हणून बोट वर केलं आणि अर्ध्या मांडवाने अक्षता तिकडे टाकल्या. तेव्हापासून सासरी मला कार्याच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसवतात.

आमची आई बेळगावची. तिचं माझ्याविषयीचं मत एका वाक्याचं आहे. "माणसं ओळखायला येईनात, आणि पाखरं ओळखालाय."

तर या सगळ्याची सुरुवात शिंजिरापासून झाली. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, बाकदार चोच, नराच्या अंगावर ऊन पडलं की जांभळी झळाळी. आमच्या गच्चीवरच्या जाईच्या वेलाला एका जोडीने घरटं टांगलं. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, आणि मधोमध चक्क माझ्या बनियनचा धागा. म्हणजे तसं ते आमच्या घरचंच कार्य. मी रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी गच्चीवर जाऊन त्यांची विचारपूस करू लागलो. आणि एके दिवशी माझ्या डोळ्यांदेखत कावळ्याने ती दोन्ही पिल्लं उचलली.

निसर्गात ढवळाढवळ करू नये, हे मी इतरांना नेहमी सांगतो. अगदी कळकळीने सांगतो. पण शिंजिरांनी त्याच वेलावर दुसरं घरटं बांधायला घेतलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं की या खेपेला बघतोच.

डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, एका हातात झाडांना पाणी घालायचा पाइप, दुसऱ्या हातात काठी, अशा अवतारात मी सकाळ-संध्याकाळ गच्चीवर पहारा देऊ लागलो. कावळा कठड्यावर बसला की फवारा. नारळावर बसला की काठी आपटायची. माझी बायको वृंदा खालून ओरडायची, "अहो, माझ्या साड्या भिजतायत." मी म्हणायचो, "साड्या वाळतील, गेलेलं पिल्लू परत येत नाही." (हे वाक्य तेव्हा मला फार उदात्त वाटलं होतं.)

पण कावळे हुशार. मी ऑफिसला गेलो की यायचे. मग मला आठवलं की मेलेला कावळा दिसला की बाकीचे त्या जागेकडे फिरकत नाहीत. मेलेला कावळा आणायचा कुठून? मी माळ्यावरची जुनी काळी छत्री काढली. कापडाचे पंख कापले, आतल्या काड्यांचा सांगाडा केला, चोचीला गुळगुळीत काळं बूट-पॉलिश लावलं. ड्रॉइंगचा माणूस आहे मी, मापात कुठे कसर ठेवली नाही. तो कावळा डिश अँटेनाच्या खांबावर उलटा टांगला.

त्या संध्याकाळी आख्ख्या चामराजपेटातले कावळे जमले. आमच्या गच्चीवर इतकी मोठी शोकसभा भरली की शेजारच्या गिरिजाक्का "काय झालं, काय झालं" करत बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी एकही कावळा नाही. शिंजिराची पिल्लं सुखरूप उडाली. मी त्यांचे फोटो आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रूपवर टाकले, अंगठेच अंगठे आले. त्या आनंदात तो छत्रीचा कावळा काढायचा राहून गेला. खरं सांगायचं तर मुद्दामच राहू दिला. मला माझं कामच फार आवडलं होतं.

एक गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे विसरलो. ते कावळे अप्पांचे होते. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, असताना रोज सकाळी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांना चपातीचे तुकडे घालायचे. अप्पा गेले आणि आईचे गुडघेही गेले, त्यामुळे ती गच्चीवर येईना. आपला मुलगा वर काय करतो ते तिला ठाऊक नव्हतं. ती समजत होती, मी अप्पांच्या कावळ्यांना चपाती घालतो.

आणि सर्वपित्री अमावास्या आली.

आमच्यात अप्पांचं पान गच्चीवर ठेवतात. त्याला कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. आम्ही बाकीचे एक वेळ मागच्या दाराने एखादा वडा ढकलला असता, पण आई नियमाची पक्की. त्यात तिला साखर. सकाळची गोळी घेतली की वेळेवर पोटात अन्न जायलाच हवं, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं, आणि तिने गोळी घेतलेली होती.

मी पहाटेच वर जाऊन माझा कावळा काढला आणि पाण्याच्या टाकीमागे दडवला. म्हटलं, झालं. सकाळी भटजी घाईघाईने विधी उरकून पुढच्या घरी पळाले. आईला मी आणि वृंदाने दोन्ही बाजूंनी धरून गच्चीवर आणलं, अप्पांच्या खुर्चीवर बसवलं. आमची लेक ईशा कोरमंगलाच्या एका स्टार्टअपमध्ये असते, तिथेच पीजीत राहते. ती अर्धी रजा टाकून आली होती. केळीच्या पानावर भात, खीर, वडे, भाजी आणि अप्पांना आवडायची म्हणून पपईची मोठी फोड. पान कठड्यावर ठेवलं. हात जोडले.

कावळा आला नाही.

"येईल," मी म्हणालो.

लांब, चौकातल्या नारळावर पाच-सहा कावळे बसले होते. मी दुर्बीण लावून पाहिलं. तेही माझ्याकडेच पाहत होते. मी डावीकडे सरकलो, त्यांच्या माना डावीकडे. उजवीकडे सरकलो, माना उजवीकडे. कावळा माणसाचा चेहरा विसरत नाही, हे मी दर वर्षी शाळांमधून फुकट व्याख्यान देऊन सांगतो.

"ह्यांचं काहीतरी मनात राहिलंय," आई म्हणाली. "त्याशिवाय असं करायचे नाहीत. सांगा बघू एकेकजण."

मग वचनं सुरू झाली. वृंदाने पानासमोर उभं राहून सांगितलं, "अप्पा, बेळगावच्या घराची कौलं यंदा नक्की परतवू." कावळा हलला नाही. आईने ईशाकडे पाहिलं.

"आजी, माझ्याकडे कशाला बघतेस?"

"लग्न करते म्हण की आजोबांना."

"असं प्रेशरमध्ये कसं म्हणू? कावळ्यासाठी कुणी कमिट करतं का?"

"तोंडानं म्हणायला काय जातंय गे?"

"अप्पाआजोबा, मी विचार करेन," ईशा म्हणाली. नारळावर एक कावळा पंख झाडून पुन्हा बसला. आई म्हणाली, "बघ, थोडा हलला. नीट म्हण."

शेवटी आई माझ्याकडे वळली. "आता तू. पाखरांचा नाद सोडतो म्हण."

कावळा का येत नाही हे त्या गच्चीवर फक्त मलाच माहीत होतं, आणि त्यात अप्पांचा काही दोष नव्हता. वारलेल्या माणसावर आळ येत होता आणि मी तो येऊ देत होतो. मी कसंबसं म्हणालो, "अप्पा, कमी करीन."

एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून गिरिजाक्कांनी हाक मारली. त्यांच्याकडेही त्यांच्या सासऱ्यांचं पान मांडलेलं. "सर, तुम्ही बर्ड एक्स्पर्ट ना. कागे कुठं गेले सगळे? आमचे मावनवरु असं कधी रागावले नव्हते. मी तर नणंदेला अंगठी परत देते म्हणून पण सांगितलं."

मी म्हणालो, "स्वल्प थांबा अक्का, येतील." पलीकडच्या गच्चीवर पाहिलं, तिथेही एक कुटुंब हात जोडून उभं. त्याच्या पलीकडेही. माझ्या एका छत्रीपायी आख्खी गल्ली उपाशीपोटी पितरांची माफी मागत होती, आणि कुणाकुणाच्या घरातले जुने हिशेब बाहेर पडत होते कोण जाणे.

आईने पदराने कपाळ पुसलं. वृंदा तिच्या कानाशी वाकली. "आई, एक बिस्कीट तरी."

"कावळा शिवल्याशिवाय पाण्यावाचून काही नाही. तू मला शिकवू नको."

आता मात्र मी इरेला पेटलो. आईला आज वेळेवर जेवायला घालायचंच. कावळे माझा चेहरा ओळखतात ना, मग चेहराच नको. मी खाली जाऊन ईशाची स्कूटरवर बांधायची ओढणी नाकातोंडाला गुंडाळली, वर हेल्मेट घातलं आणि पुन्हा गच्चीवर आलो. दारात पाऊल टाकताच नारळावरचे कावळे एका सुरात ओरडायला लागले. माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला महिनाभर हेल्मेटमध्येच पाहिलं होतं.

"हा कोण गे?" आईने विचारलं. तिला लांबचं नीट दिसत नाही.

"बाबा आहे," ईशा म्हणाली. "प्लीज काही विचारू नकोस." आणि तिने स्वतःची युक्ती काढली. फोनवर कावळ्यांचा आवाज लावला. दोन कावकाव झाल्या, आणि मधेच एक बाई गोड आवाजात वैयक्तिक कर्ज घ्यायचा आग्रह करू लागली. आई म्हणाली, "ह्यांना कर्जाचं नाव काढलेलं खपायचं नाही. बंद कर ते."

मी खाली जायला वळलो तेव्हा आईने खुर्चीला लागूनच असलेल्या टाकीकडे बोट करून विचारलं, "टाकीमागे काय पडलंय रे ते काळं?"

ईशाने जाऊन ते ओढून काढलं. उन्हापावसाने माझा कावळा आणखीच खरा दिसायला लागला होता. नारळावर हाहाकार उडाला. आईने तो मांडीवर घेतला, उलटापालटा केला, पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही शिवण माझी हाय," ती म्हणाली. "ह्यांची छत्री ही."

माळ्यावरची जुनी काळी छत्री कुणाची होती, हे छत्री कापताना मी स्वतःला विचारलंच नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. शिंजीर, फवारा, काठी, शोकसभा. हेल्मेट घालूनच सांगितलं, काढायचं सुचलं नाही. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ह्यांच्या मनात काही राहिलेलं नाही," ती म्हणाली.

"नाही आई. सगळं माझंच आहे."

"तेवढं बरं झालं." छत्रीचा कावळा बाजूला ठेवून म्हणाली, "पण कावळा पाहिजेच."

तिचा हात थरथरत होता. मी खाली जाऊन ऑटो थांबवला. इथले कावळे माझे वैरी, पण मार्केटातल्या कावळ्यांशी माझं काही वाकडं नव्हतं. आई म्हणाली, "पान मी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही." तेव्हा आई, आईच्या मांडीवर पान, शेजारी मी, असे आम्ही निघालो. ऑटोवाल्याने आरशातून खीर पाहिली. "केटरिंगा सर?" मी म्हणालो, "कागे पाहिजे." त्याने मान डोलावली, जणू रोज अशीच भाडी मिळतात, आणि आम्हाला थेट मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला नेलं.

तिथे कावळेच कावळे होते. माशांची डोकी ओढत होते, एकमेकांना ढकलत होते. मी आनंदाने उतरलो. आई उतरेना.

"हे कावळे काय खाऊन आलेत?"

"आई, कावळा सगळंच खातो. तो सर्वभक्षी..."

"ह्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही. तसल्या तोंडाचा कावळा ह्यांच्या पानाला? चल माघारी."

मी खूप विनवलं. ऑटोवालाही म्हणाला, "अम्मा, कागेगे एल्ला ओंदे," म्हणजे कावळ्याला सगळं सारखंच. आईने पानावर पदर धरला. माझ्या आईसमोर ना शास्त्र चाललं, ना मासळीबाजार. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून ऑटोवाल्याने ऑटो वळवला.

गच्चीवर परत आलो तेव्हा खीर घट्ट झाली होती. आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पुन्हा पान कठड्यावर ठेवायला लावलं. वृंदा माझ्याकडे पाहत नव्हती. मी जिन्याच्या दाराआड लपून, फक्त एक डोळा बाहेर काढून उभा राहिलो. मनात म्हटलं, अप्पा, आता तुम्हीच काहीतरी बघा.

गिरिजाक्कांच्या परसातल्या झाडाची फांदी हलली. काळं काहीतरी खाली आलं, कठड्यावर बसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अप्पांच्या पपईत चोच घातली.

"आला गे," आई हळूच म्हणाली. "आला."

मी एका डोळ्याने पाहत होतो, पण मला तेवढा पुरेसा आहे. शेपूट लांब. चोच फिकट हिरवट. डोळा लालभडक. तो कोकीळ होता. नर कोकीळ, पिकल्या फळाला सोकावलेला.

"श्रीकांत," आईने विचारलं, "कावळाच न्हवं?"

वृंदा आणि ईशा दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्या दोघींना माझ्याबरोबर राहून एवढं तरी कळतंच. मंगलाष्टकांत तांबट ओळखणारा मी. एका मुनियेवरून साहेबांशी वर्षभर अबोला धरलेला मी. खोटी नोंद केली म्हणून जिवलग मित्राला ग्रूपमधून काढायला लावणारा मी. घशात 'कोकी' एवढं आलंही होतं.

मग मला सुचलं. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात जन्मतो, कावळीच्या चोचीने खातो, कावळ्याच्या घरात लहानाचा मोठा होतो. म्हणजे तो दत्तकच झाला. दत्तक मुलाला श्राद्धाचा पूर्ण अधिकार असतो, हे कुठलेही भटजी सांगतील. तर मग दत्तक कावळ्याने पान शिवलं तर बिघडलं कुठे?

"होय आई," मी म्हणालो. "कावळाच."

ईशाला एकदम खोकला आला. शेजारून गिरिजाक्कांनी विचारलं, "सर, कागेना?" मी म्हणालो, "कागेच अक्का. बसा जेवायला." एकाच्या पानाला शिवला म्हणजे सगळ्यांच्याच शिवला असं धरून हां हां म्हणता गल्लीतल्या सगळ्या गच्च्या रिकाम्या झाल्या, खाली वाट्यांचे आवाज येऊ लागले. आईने जागेवरच खीर खाल्ली, मग वडा, मग भात. तिच्या हाताचा थरथराट थांबला तेव्हा कुठे मी हेल्मेट काढलं.

संध्याकाळी तिने बेळगावला माझ्या मोठ्या बहिणीला फोन लावला. मी दाराआडून ऐकत होतो. (दाराआड उभं राहायची एव्हाना सवय झाली होती.) "कावळा आला गे. लांबून मला कळेना, पण श्रीकांतनं बघितल्याबरोबर ओळखला. त्याचं काही चुकायचं नाही. एवढी वर्षं शिकलाय पाखरांचं, उगीच काय?" इतक्या वर्षांत आईने माझ्या पक्षीज्ञानावर ठेवलेला हा पहिला विश्वास, आणि तो नेमका या एका ओळखीवर.

ही कीर्ती नातेवाइकांत पसरली. कुणाकडे तिथी पुढेमागे झाली, कुणाकडे वर्षश्राद्ध निघालं, की पानाशी काहीतरी येऊन बसल्याचा फोटो माझ्या फोनवर येतो. खाली लिहिलेलं असतं, 'कावळाच ना? सांग लवकर, सगळे थांबलेत.'

काल निपाणीच्या मावशीने फोटो पाठवला. अगदी स्पष्ट फोटो होता, पिवळी चोच, पिवळे पाय, तपकिरी अंग. शाळेतलं पोरही सांगेल की ती साळुंकी आहे.

मी लिहिलं, 'कावळाच. जेवून घ्या.' मावशीलाही साखर आहे.